हवा गेल्यावरचे ऐंशी किलोमीटर

रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालेली गाडी साखरपा मागे टाकून आंबा घाटाला लागली, की पुढचे काही किलोमीटर तिला निवांत थांबायला जागा मिळत नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, जुलैत वरून धुके आणि पाऊस, मागे ट्रकची रांग. अशा जागी टायरमधली हवा गेली तर चाक बदलायचे कुठे? वळणावर जॅक लावणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. बसलेल्या टायरवर गाडी तशीच पुढे रेटली, तर थोड्याच अंतरात रिम टायरला आतून कापते. मग टायर तर जातोच, बरेचदा रिमही जाते.

नेमक्या अशा प्रसंगासाठी बनवलेला टायर म्हणजे रनफ्लॅट. हवा पूर्ण गेली तरी तो गाडीचे वजन काही काळ पेलून धरतो. बहुतेक कंपन्यांचे आश्वासन असे असते: ताशी 80 किलोमीटरच्या आत वेग ठेवा, सुमारे 80 किलोमीटरपर्यंत गाडी चालेल. महागड्या जर्मन गाड्यांबरोबर हे टायर भारतात आले आणि आता कोकणातल्या रस्त्यांवरही दिसतात. नवी गाडी घेणारे, जुनी आयात गाडी घेणारे, आणि आपल्या साध्या गाडीलाही असे टायर बसवावेत का असा विचार करणारे, हे सगळे एकच प्रश्न विचारतात: हे टायर आपल्या उपयोगाचे आहेत का?

या प्रश्नाचे उत्तर टायरइतकेच रस्त्यावर अवलंबून आहे. 80 किलोमीटरच्या आत काय येते, गाडीत किती माणसे आहेत, वेळ कोणती आहे आणि पोचाल तिथे तो टायर उतरवून नवा चढवणारे कोणी आहे का, हे पाहिल्याशिवाय रनफ्लॅटची किंमत ठरत नाही. म्हणून या प्रकरणात आधी टायरचे काम समजून घेऊ आणि मग ते रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहू.

वजन पेलते ती हवा

माणसांसकट 1,600 किलो भरणारी गाडी धरा. प्रत्येक चाकावर ढोबळमानाने 400 किलो येतात. टायरमध्ये 33 पीएसआय हवा असेल, तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2.3 किलो होतो. 400 ला 2.3 ने भागले की 174 चौरस सेंटिमीटर मिळतात. म्हणजे प्रत्येक टायर जेमतेम पसरलेल्या पंजाएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो आणि तेवढ्या जागेवरची कोंडलेली हवा गाडीचा बहुतेक भार उचलते. रबर, नायलॉन आणि पोलादी तारांचे मुख्य काम त्या हवेला जागेवर धरून ठेवण्याचे.

साध्या टायरची बाजूची भिंत, म्हणजे साइडवॉल, मुद्दाम लवचिक ठेवलेली असते. खड्डा आला की ती दबते आणि पुन्हा ताठ होते. प्रवास मऊ वाटतो तो बराचसा तिच्यामुळे. पण हवा गेली की याच लवचिकपणामुळे ती दुमडते, रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चेपली जाते आणि प्रत्येक फेऱ्याला पिळली जाते. रबर असे वारंवार वाकले की तापते, आणि तापलेल्या रबराची ताकद झपाट्याने उतरते. पंक्चर झालेला टायर चालवल्यावर आतून काळी भुकटी निघते, ती या घासलेल्या भिंतीची.

रनफ्लॅटमध्ये ही भिंत बदललेली असते. तिच्या आत उष्णता सहन करणाऱ्या कडक रबराचा जाड, चंद्रकोरीच्या आकाराचा थर घातलेला असतो. रिमला पकडणारी कड, म्हणजे बीड, तीही अधिक घट्ट बनवतात, कारण हवा नसताना टायर रिमवरून सुटता कामा नये. हवा गेली की टायर थोडाच बसतो आणि भार या जाड भिंती उचलतात. बाहेरून पाहणाऱ्याला टायर जवळजवळ नेहमीसारखाच दिसतो.

म्हणूनच या टायरला टायरमधला दाब सांगणारी यंत्रणा, म्हणजे टीपीएमएस, अत्यावश्यक आहे. ती नसेल तर हवा गेल्याचे चालकाला कळणारच नाही, आणि तो वेग न उतरवता टायर जळेपर्यंत गाडी चालवत राहील. या यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि तो प्रत्यक्ष दाब मोजतो. दुसऱ्यात एबीएसच्या सेन्सरवरून चाकांचा वेग ताडून पाहतात; हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, ते अधिक वेगाने फिरते आणि त्यावरून गाडी अंदाज बांधते. चारही टायरमधली हवा सारखीच हळूहळू उतरली, तर हा दुसरा प्रकार फसू शकतो. त्यामुळे गाडीत टीपीएमएस असली तरी महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, मीटर लावून हवा मोजायची सवय सोडू नये.

या टायरचा प्रवास

हवा भरलेला टायर व्यवहारात आणला तो बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने, 1888 मध्ये. तेव्हापासून पंक्चर त्याच्या सोबतच आले आणि त्यावरचे उपायही. ब्रिटनमध्ये डनलॉप कंपनीने 1970 च्या दशकात ‘डेनोव्हो’ नावाचा टायर काढला. त्याच्या आत वंगणाच्या डब्या बसवलेल्या असत. हवा गेली की वंगण सुटून आतले घर्षण कमी होई. 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात पोर्शे 959 या गाडीत हवा गेल्यावरही चालणारे टायर आणि दाब सांगणारी यंत्रणा एकत्र आली. 1997 मध्ये अमेरिकेतली शेवरले कॉर्व्हेट असे टायर घेऊन स्टेपनीशिवाय बाजारात आली. पुढे 2000 नंतर बीएमडब्ल्यूने ते आपल्या बहुतेक गाड्यांना दिले. याच कंपनीने 2007 मध्ये चेन्नईजवळ कारखाना सुरू केला आणि भारतीय रस्त्यांवर रनफ्लॅटची संख्या वाढू लागली.

या प्रवासातला एक फसलेला प्रयोग आपल्यासाठी फार बोलका आहे. मिशलिनने 1990 च्या दशकात ‘पॅक्स’ नावाची पद्धत आणली. तीत टायरच्या आत रिमभोवती एक आधाराचे कडे असे. हवा गेली की गाडी त्या कड्यावर टेकून चाले. कल्पना उत्तम होती आणि चालतही होती. पण त्यासाठी खास रिम लागे आणि टायर काढ-घाल करायला खास यंत्र लागे. अमेरिकेत ही यंत्रे मोजक्याच दुकानांत होती. गावोगावच्या गाडीमालकांना टायर बदलायला लांब जावे लागे आणि खर्चही भरमसाट येई. अखेर मिशलिनने या पद्धतीचा पुढचा विकास थांबवला. अमेरिकेसारख्या देशात ज्या कारणाने एक चांगला टायर मागे पडला, ते कारण रत्नागिरी, लांजा किंवा राजापूर इथे राहणाऱ्याने पहिल्यांदा तपासायला हवे.

ऐंशी हा आकडा कसा टिकतो, कसा घटतो

सर्वसाधारण मोटारीच्या टायरचा घेर सुमारे दोन मीटर असतो. 80 किलोमीटर जाताना तो सुमारे 40,000 वेळा फिरतो. ताशी 80 च्या वेगाला सेकंदाला 11 फेरे होतात. हवा नसलेल्या रनफ्लॅटची जाड भिंत प्रत्येक फेऱ्यात दबते, सुटते आणि तापते. निर्माण होणारी उष्णता बाहेर पडणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त असली, की रबराचे तापमान चढत जाते. 80 किलोमीटर आणि ताशी 80 ही मर्यादा म्हणजे या उष्णतेला घातलेला बांध आहे.

एवढे लक्षात घेतले की बाकीचे आपोआप कळते. वेग वाढला तर उष्णता वाढते आणि अंतर घटते. वजन वाढले तर भिंत जास्त दबते आणि अंतर घटते. म्हणूनच काही मोटार कंपन्यांच्या मार्गदर्शिकेत गाडीत एक-दोन माणसे असतानाचे अंतर वेगळे आणि गाडी पूर्ण भरलेली असतानाचे वेगळे दिलेले असते; पूर्ण भरलेल्या गाडीसाठी ते निम्म्याहूनही खाली येऊ शकते. आपल्या गाडीसाठी कोणता आकडा दिला आहे, तो मार्गदर्शिकेत शोधून लक्षात ठेवावा.

आता कोकणात गाडी पूर्ण भरते कधी, ते आठवा. गौरी-गणपतीला मुंबईहून येणारी चाकरमानी कुटुंबे पाच माणसे, पिशव्या, पूजेचे सामान आणि मुलांचे दप्तर घेऊन निघतात. एप्रिल-मेमध्ये परतणाऱ्या गाडीच्या डिकीत हापूसच्या पेट्या रचलेल्या असतात आणि रस्ता दुपारच्या उन्हात तापलेला असतो. महामार्ग वाहनांनी भरलेला असतो आणि घाटातल्या प्रत्येक वळणावर बाहेरच्या चाकावर जादा भार येतो. म्हणजे कोकणच्या प्रवाशाला ज्या दिवसांत या टायरची जास्तीत जास्त गरज भासते, त्याच दिवसांत त्याचे अंतर सगळ्यात कमी भरते. अशा वेळी जाहिरातीतले 80 डोक्यातून काढून पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत पोचणे एवढेच ध्येय धरावे.

नकाशावर ठेवून पाहू: फायदे

पहिला फायदा सुरक्षिततेचा, आणि तो खरोखर मोठा आहे. साधा टायर वेगात एकदम बसला, तर गाडी एका बाजूला ओढते. घाबरून जोरात ब्रेक मारला तर ती फिरूही शकते. रनफ्लॅट रिमवर घट्ट राहतो, गाडीची उंची फारशी बदलत नाही आणि स्टिअरिंग हातात राहते. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरी झालेले टप्पे आता वेगाने धावायला मोकळे आहेत. त्या वेगात एकाएकी हवा गेली, तर ही स्थिरता जीव वाचवू शकते.

दुसरा फायदा घाटातला. रत्नागिरी जिल्ह्यातून बाहेर पडायचे तर कोल्हापूरकडे आंबा घाट, कऱ्हाडकडे कुंभार्ली घाट. उत्तरेला महामार्गावर चिपळूणच्या पुढे परशुराम घाट, खेडच्या पुढे कशेडी. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथली वळणे टळली, पण बोगद्यात चाक बदलायला थांबणेही कोणी इच्छिणार नाही. रत्नागिरी ते कोल्हापूर हा रस्ता सुमारे 130 किलोमीटरचा. वाटेच्या मध्यावर हवा गेली, तरी कागदावर दोन्ही शहरे 80 च्या आत येतात. गाडी भरलेली असेल तर अर्थात एवढा भरवसा नको, पण घाट संपवून साखरपा किंवा मलकापूर गाठणे सहज आवाक्यात येते. धुक्यात, दरीच्या कडेला उतरण्याचा प्रसंग टळतो.

तिसरा फायदा माणसांचा. प्रत्येकाला चाक बदलता येत नाही. एकटी प्रवास करणारी स्त्री, वयस्कर जोडपे, हात दुखावलेला चालक, रात्री रुग्णाला घेऊन कोल्हापूर-मिरजेच्या रुग्णालयाकडे निघालेले कुटुंब, यांच्यासाठी न थांबता पुढे जाता येणे ही सोय राहत नाही, ती गरज बनते. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या किनारी रस्त्याने रात्री परतताना, किंवा पावसपलीकडे पूर्णगडाच्या बाजूला, पंक्चरचे दुकान त्या वेळी उघडे असेलच असे नाही. रत्नागिरी शहर मात्र तिथून 80 च्या खूप आत आहे.

नकाशावर ठेवून पाहू: तोटे

आता दुसरी बाजू. रत्नागिरीत पाऊस वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डांबरी रस्त्यावरचे खड्डे पाण्याने भरले की खोली कळत नाही. साध्या टायरची मऊ भिंत धक्क्याचा काही भाग स्वतःत जिरवते. रनफ्लॅटची ताठ भिंत तेवढा जिरवत नाही. तो रिमकडे, सस्पेन्शनकडे आणि पाठीकडे जातो. त्यात हे टायर बहुधा कमी उंचीच्या भिंतीचे, मोठ्या अलॉय रिमवर बसवलेले असतात. मग रिम वाकणे, तिला तडा जाणे, टायरच्या बाजूला फुगा येणे असे प्रकार घडतात. रनफ्लॅट त्याच मापाच्या साध्या टायरपेक्षा जडही असतो. त्यामुळे प्रवास कडक होतो आणि इंधनही थोडे जास्त जाते. अलीकडच्या पिढीतले रनफ्लॅट पहिल्यांपेक्षा मऊ झाले आहेत आणि ज्या गाड्या मुळातच त्यांच्यासाठी आखल्या आहेत, त्यांचे सस्पेन्शन हा कडकपणा बराच सावरून घेते. पण साध्या टायरसाठी आखलेल्या गाडीला ते बसवले, तर तो कडकपणा पुरेपूर जाणवतो.

दुसरा तोटा जांभ्याचा. जिल्ह्याचे सडे जांभ्या दगडाचे, घरे चिऱ्यांची, अनेक आडरस्त्यांचा भरावही त्याच दगडाचा. समोरून एसटी आली की अरुंद रस्त्यावर एक चाक डांबराखाली उतरवावे लागते. साइडपट्टी खचलेली असेल, तर डांबराची धारदार कड किंवा एखादा उभा दगड नेमका टायरच्या बाजूला लागतो. बाजूची भिंत चिरली की कोणताही टायर, साधा असो वा रनफ्लॅट, दुरुस्त करायचा नसतो. रनफ्लॅटची तर सगळी ताकद याच भिंतीत आहे. मोठी चीर पडली असेल, तर त्या टायरवर फार अंतर जाण्याची हमी कोणीच देत नाही.

तिसरा तोटा दुरुस्तीचा, आणि रत्नागिरीकरासाठी हाच सर्वांत जड. ट्यूबलेस साध्या टायरमध्ये खिळा घुसला, तर हायवेवरचा पंक्चरवाला पंधरा-वीस मिनिटांत स्ट्रिप घालून हवा भरून देतो. रनफ्लॅट हवेशिवाय चालला असेल, तर आतली भिंत किती तापली आणि कुठे सुटली हे बाहेरून दिसत नाही. म्हणून बऱ्याच मोटार कंपन्या असा टायर दुरुस्त न करता बदलायलाच सांगतात. काही टायर कंपन्या दुरुस्तीला परवानगी देतात, पण अटींवर: छिद्र रस्त्याला टेकणाऱ्या भागातच हवे, लहान हवे, टायर फार कमी हवेवर चाललेला नसावा, आणि तो रिमवरून उतरवून आतून तपासून मगच पॅच लावायचा. ताठ भिंत आणि घट्ट बीडमुळे तो उतरवायलाही मदतीचा दांडा असलेले चांगले यंत्र आणि सरावलेला हात लागतो. पहारीने रेटून काढायला गेले तर बीडही दुखावते आणि रिमही.

म्हणजे साध्या टायरमध्ये जो खर्च किरकोळ असतो, तो इथे एका नव्या टायरचा होऊ शकतो, आणि रनफ्लॅट साध्यापेक्षा महागच असतो. एकाच ॲक्सलवर एक नवा आणि एक बराच झिजलेला टायर ठेवू नये, त्यामुळे प्रसंगी दोन घ्यावे लागतात. शिवाय नेमक्या मापाचा टायर गावातल्या दुकानात मिळेलच असे नाही; तो कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईहून मागवावा लागण्याची तयारी ठेवावी. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. परदेशी बनावटीच्या कमी खपाच्या मापांना त्याचा फटका बसणे स्वाभाविक होते. टायर येईपर्यंत गाडी उभी राहते. 80 किलोमीटर चालून गाडी रत्नागिरीला पोचली खरी, पण पुढचे चार दिवस ती तिथेच अडकली, असे होऊ शकते. ज्यांच्या डिकीत स्टेपनीच नाही, त्यांना हा धोका सगळ्यात जास्त.

बाकीचे उपाय

रनफ्लॅट आणि साधा टायर यांच्यामध्ये आणखी दोन वाटा आहेत. एक म्हणजे सेल्फ-सीलिंग टायर. त्याच्या आतल्या बाजूला चिकट थर असतो. खिळा घुसला की तो थर खिळ्याभोवती चिकटतो आणि खिळा निघाला तरी सुमारे 5 मिलिमीटरपर्यंतचे छिद्र बुजवतो. भिंत साधीच राहते, त्यामुळे प्रवास मऊ राहतो. पण बाजूची चीर तो बुजवू शकत नाही, आणि हवा पूर्ण गेली तर साध्या टायरसारखाच बसतो.

दुसरी वाट म्हणजे पंक्चर किट: बाटलीतले सीलंट आणि गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप. जुलै 2020 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली आणि ट्यूबलेस टायर, टीपीएमएस व दुरुस्तीचे किट असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींना स्टेपनी बाळगण्याची सक्ती राहिली नाही. तेव्हापासून काही नव्या गाड्या, विशेषतः मोठ्या बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाड्या, स्टेपनीशिवाय येतात. हे किट रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या लहान छिद्रासाठी ठीक आहे. चिरलेल्या बाजूपुढे ते निरुपयोगी आहे. शिवाय सीलंटला मुदत असते आणि ती संपल्याचे बाटलीवर पाहिल्याशिवाय कळत नाही.

राहिली स्टेपनी. ती जागा आणि वजन खाते, बदलायला कष्ट पडतात, पण टायर चिरला, रिम वाकली, काहीही झाले तरी ती चालते. पूर्ण मापाची स्टेपनी असेल, तर दुरुस्ती कुठे आणि कधी करायची हे आपण ठरवतो. अरुंद, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिच्यावरही वेग बहुधा ताशी 80 पर्यंतच ठेवायचा असतो, आणि तो आकडा तिच्यावर छापलेला असतो.

ट्यूबलेस टायरचा एक गुण आपण विसरतो. खिळा आत रुतून राहिला तर हवा हळूहळू जाते. बहुतेक पंक्चर याच जातीचे असतात. डिकीत 12 व्होल्टचा चांगला पंप असेल, तर खिळा न काढता हवा भरून पुढच्या दुकानापर्यंत जाता येते. हा पंप नव्या टायरच्या मानाने फार स्वस्त आहे आणि घाटातल्या निम्म्या काळज्या तो एकटा कमी करतो.

मग कोणी काय करावे

तुमची गाडी साध्या टायरवर आली असेल, तर तिला रनफ्लॅट बसवू नका. सस्पेन्शन त्यासाठी बनलेले नसते, टीपीएमएस नसेल तर तो धोकाच आहे, आणि मिळणाऱ्या फायद्यापेक्षा खर्च फार मोठा. तोच पैसा चांगले टायर वेळेवर बदलण्यात घाला. कायद्याने नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरच्या खाली जायला नको; पण कोकणातल्या पावसात 3 मिलिमीटर उरले की टायर बदललेला बरा, कारण पाणी बाजूला सारण्याचे काम ही नक्षीच करते. झिजलेला रनफ्लॅटही पाण्यावर घसरतो.

तुमची गाडी रनफ्लॅटवर आली असेल आणि तुम्ही घाटात, रात्री-अपरात्री, एकट्याने बराच प्रवास करत असाल, तर ते टायर ठेवा. पण आधी दोन गोष्टी पाहा. डिकी उघडून स्टेपनी आहे का पाहा. काही गाड्यांना रनफ्लॅटबरोबर अरुंद स्टेपनीही मिळते. नसेल आणि जागा असेल, तर त्या गाडीला बसणारी स्टेपनी कंपनीकडून घेता येते का विचारा. मग जवळच्या टायरवाल्याकडे जाऊन विचारा: हे माप मिळते का, किती दिवसांत येते, आणि असा टायर उतरवायचे यंत्र आहे का? ही चौकशी टायर धडधाकट असताना करायची.

गाडी रनफ्लॅटवर आली आहे, पण तुमचा बहुतेक प्रवास शहरात आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर, कुटुंबासह, दिवसा होतो, तर टायर झिजल्यावर चारही साधे घालण्याचा विचार करायला हरकत नाही. मार्गदर्शिकेत काय म्हटले आहे आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो ते आधी तपासा. दोन रनफ्लॅट आणि दोन साधे अशी मिसळ करू नका. आणि साधे टायर घातले की स्टेपनी, जॅक, पाना आणि पंप हे सगळे गाडीत असायलाच हवेत. काढलेल्या रनफ्लॅटबरोबर न थांबता पुढे जाण्याची तुमची सवलतही गेलेली असते.

टायर बदलायला गेलात तर त्याच्या बाजूवरची अक्षरे वाचा. ब्रिजस्टोनवर ‘आरएफटी’, मिशलिनवर ‘झेडपी’, काँटिनेंटलवर ‘एसएसआर’, गुडइयरवर ‘आरओएफ’ अशी खूण रनफ्लॅटची असते. तिथेच चार आकडी संख्या असते. पहिले दोन आकडे उत्पादनाच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. कमी खपाच्या मापाचा टायर दुकानात बराच काळ पडून असू शकतो, त्यामुळे रनफ्लॅट घेताना ही संख्या पाहूनच पैसे द्या.

आणि टायर कोणताही असो, हे सर्वांसाठी. चाक बदलायला घराच्या अंगणात एकदा शिका. पावसाळ्यात ओल्या मातीत जॅक रुततो, म्हणून डिकीत एक जाड फळी ठेवा. सपाट जागा शोधा, हँडब्रेक ओढा, तिरक्या रेषेत समोर येणाऱ्या चाकाला दगडाची उटी लावा, आणि चाक उचलण्याआधीच नट थोडे सैल करा. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेने रिम हबला आणि नट बोल्टला गंजून धरतात. म्हणून वर्षातून एकदा चाके काढून घालून घ्या आणि त्याच वेळी स्टेपनीतली हवाही मोजा. गरजेच्या वेळी स्टेपनीही बसलेली निघते, हा अनुभव पुष्कळांना येतो. हवा अचानक गेली तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरा, ब्रेकवर उभे राहू नका, वेग आपोआप उतरू द्या.

रनफ्लॅट टायर हे पंक्चरवरचे उत्तर नाही. थांबायची जागा आणि वेळ निवडण्याची ती मुभा आहे. घाटात आणि रात्री या मुभेचे मोल खरोखर मोठे आहे. पण ती वापरून जिथे पोचाल, तिथून घरी परतायची सोय टायर करत नाही. ती स्टेपनीने, ओळखीच्या दुकानाने आणि आधी केलेल्या चौकशीने होते. रत्नागिरीत राहणाऱ्याने टायर निवडताना आधी ही सोय लावावी आणि उरलेल्या पैशांत रनफ्लॅटचा विचार करावा.